नाव आणि गुण

दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात श्रीसिद्धेश्वरांची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून झाली, की लोकांची पावले होम मैदानावरील दुकानांकडे वळतात. कोणी विक्रेता मालाचे नाव एकसारखे पुकारीत असतो. कोणी रंगीबेरंगी पाट्या लावतो. कोणी ‘सवलत केवळ आजच्यापुरती’ असे बजावतो. तवा घेण्यास निघालेला मनुष्य तवा विसरतो आणि भलतीच वस्तू घेऊन घरी परततो. हा प्रभाव मालाचा नव्हे, जाहिरातीचा होय.

जाहिरात मनुष्याच्या मनाचे धर्म पुरते ओळखून असते. जे नाव वारंवार कानी पडते ते ओळखीचे वाटू लागते, आणि जे ओळखीचे ते विश्वासाचेही वाटते. एखादा नामवंत खेळाडू वस्तूची स्तुती करतो, तेव्हा त्याच्या खेळाचे तेज त्या वस्तूवर पडते. संधी हुकेल या भीतीने गिऱ्हाईक घाई करते. परिचय निराळा आणि पारख निराळी, हे त्या घटकेस कोणाच्या ध्यानात येत नाही.

तथापि सर्वच जाहिराती त्याज्य नव्हेत. कोणती वस्तू कोठे मिळते व तिची किंमत काय, हे सांगणारी जाहिरात उपकारकच असते. कित्येकदा वस्तूचा गुणच तिची जाहिरात करतो. सोलापुरी चादरीचे असेच झाले. तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांचा या धंद्यात मोठा वाटा आहे. हातमागावर व पुढे यंत्रमागावर विणलेल्या या सुती चादरी इतक्या टिकाऊ ठरल्या, की ‘सोलापुरी’ हा शब्दच उत्तम चादरीची ग्वाही बनला.

परंतु ज्या नावाला मोल येते, त्याची उसनवारीही होते. अन्यत्र तयार झालेल्या चादरीही ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. पाटी वाचून पैसे मोजणारे गिऱ्हाईक फसले आणि खऱ्या विणकराची भाकरीही हिरावली गेली. यावर उपाय म्हणून, 1999 साली संमत होऊन 2003 साली अमलात आलेल्या भौगोलिक निर्देशन कायद्यान्वये सोलापुरी चादरीची नोंद करण्यात आली. फसव्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही आहे. त्यान्वये अशी जाहिरात करणाऱ्यास प्रथम अपराधाबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत व पुन्हा तसे केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण कायदा प्रत्येक दुकानात गिऱ्हाइकाच्या शेजारी उभा राहू शकत नाही. तेथे त्याचे डोळे व हातच त्याचे खरे सोबती. सोलापुरी चादरीवरील नक्षी छापलेली नसते. ती विणीतूनच उमटते. म्हणून सुज्ञ गिऱ्हाईक चादर उलटून पाहते, वीण बोटांनी चाचपते, सूत कोणते ते विचारते आणि पावती मागून घेते. मुख्य म्हणजे, या वस्तूची आपणास खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न ते प्रथम स्वतःच्या मनास विचारते.

जाहिरात दुकानाचा रस्ता दाखवील. पण पैशाची पिशवी सोडण्यापूर्वी विचार करणे हे ज्याचे त्याचे काम आहे. पारख करणारे गिऱ्हाईक स्वतःचे धन तर राखतेच, शिवाय प्रामाणिक कारागिराच्या श्रमाचाही मान राखते.