संदेशाला तुमचा पत्ता कोण सांगतो?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी धाकट्या भावाकडे दुबईला गेलो होतो. विमान उतरले, मी फोन सुरू केला आणि सामान घेण्याच्या जागी पोहोचण्यापूर्वीच संदेश आला : संयुक्त अरब अमिरातीमध्ये आपले स्वागत आहे, येथील दर पुढीलप्रमाणे. मी आल्याचे तोपर्यंत भावालाही कळवले नव्हते. मग ही बातमी लागली कोणाला?

दुसऱ्या दिवशी उलटा अनुभव आला. मुलीच्या प्रवेशपरीक्षेचे शुल्क भरण्याची मुदत भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाच वाजेपर्यंत होती. आम्ही एका मोठ्या बाजारसंकुलाच्या तळघरातील उपाहारगृहात बसलो होतो. तेथे वाय-फाय उत्तम होते, म्हणून तेथूनच पैसे भरायला घेतले. बँकेने नेहमीप्रमाणे एका वेळेपुरता संकेतांक, म्हणजे ओटीपी, पाठवल्याचे सांगितले. तो काही येईना. तीनदा मागवला. शेवटी कंटाळून वर रस्त्यावर आलो, तरीही फोन गप्प. अर्ध्या तासाने तिन्ही ओटीपी पाठोपाठ आले. तोवर तिघांचीही मुदत संपली होती आणि पाचही वाजून गेले होते. विलंबशुल्क भरावे लागले. मी आधी बँकेवर चिडलो, पण मग कागद-पेन्सिल घेऊन विचार केला, तेव्हा ध्यानात आले की बँकेचा यात फारसा दोष नव्हता.

आपली समजूत अशी असते की संदेश निघतो आणि जगभर आपला फोन शोधत फिरतो. जगात अब्जावधी फोन आहेत. प्रत्येक संदेशाने प्रत्येक मनोऱ्यावर जाऊन आरोळी द्यायची म्हटले तर सारी यंत्रणा आरोळ्यांनीच भरून जाईल. प्रत्यक्षात शोधाशोध जवळजवळ होतच नाही. आपला फोनच आपला ठावठिकाणा आधी कळवून ठेवतो.

असे समजा, की तुम्ही पंढरपूरला गेलात आणि एका लॉजवर उतरलात. व्यवस्थापक नोंदवही पुढे करतो : नाव, राहणार कोठले, कोठून आलात. आता कल्पना करा, की हा व्यवस्थापक तेवढ्यावर न थांबता तुमच्या घरी निरोपही धाडतो, की तुमचा माणूस आमच्याकडे उतरला आहे. घरचे लोक दाराआडच्या पाटीवर ते लिहून ठेवतात. मग तुम्हाला भेटायला कोणी घरी आले, तर त्याला पाटी वाचून पत्ता सांगता येतो. भ्रमणध्वनीच्या यंत्रणेत नेमक्या अशाच दोन वह्या असतात. भारतातील तुमच्या कंपनीकडे असते ती गृह-नोंदवही, आणि तुम्ही ज्या देशात उतरलात तेथील कंपनीकडे असते ती पाहुण्यांची नोंदवही. तंत्रज्ञ त्यांना एचएलआर आणि व्हीएलआर म्हणतात. चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या जाळ्यांत त्यांची नावे बदलली आहेत, काम तेच आहे.

दुबईच्या व्यवस्थापकाला तुमचे घर कोठले हे कसे कळते? सिमकार्डात साधारणतः पंधरा अंकी एक क्रमांक कोरलेला असतो. हा तुमचा दहा अंकी फोन क्रमांक नव्हे. याचे पहिले तीन अंक देशाचे : भारताचे ४०४ किंवा ४०५, अमिरातीचे ४२४, जर्मनीचे २६२. पुढचे दोन-तीन अंक कंपनीचे. फोनने हा क्रमांक सांगितला, की दुबईचे जाळे भारतातील त्या कंपनीला विचारते. कंपनी एक गणिती कोडे पाठवते. त्याचे उत्तर सिममध्ये दडवलेल्या गुप्त किल्लीशिवाय काढता येत नाही. उत्तर जुळले, की दोन्ही वह्यांत नोंद होते. गृह-नोंदवहीत नवा देश दिसला की स्वागताचा संदेश आपोआप सुटतो. विमानतळावर मला भेटलेला संदेश तो हाच.

आता संदेशाचा प्रवास पाहा. तुम्हाला कोणी लघुसंदेश पाठवला, की तो प्रथम पाठवणाऱ्याच्या कंपनीच्या संदेशकेंद्रात जाऊन पडतो. ते केंद्र तुमच्या गृह-नोंदवहीला विचारते, ‘हा ग्राहक सध्या कोठे?’ उत्तर मिळते, ‘दुबईच्या अमुक विनिमय केंद्राकडे.’ मग संदेश तिकडे रवाना होतो, आणि तेथे मात्र थोडीशी आरोळी द्यावीच लागते; पण ती केवळ तुमच्या भागातील मनोऱ्यांवरून. फोन ‘हजर’ म्हणतो आणि संदेश त्याच्या स्वाधीन होतो.

परदेशातून तुम्ही संदेश पाठवता तेव्हा गंमत होते. सिममध्ये तुमच्या घरच्या संदेशकेंद्राचा क्रमांक लिहिलेला असतो, त्यामुळे संदेश आधी भारतात येतो. समजा, दोन मुंबईकर दुबईच्या एकाच बाकावर बसले आहेत आणि एकाने दुसऱ्याला लिहिले, ‘जरा सरक.’ हे दोन शब्द मुंबईला जाऊन, तेथे वही पाहून, दुबईला परत येतील. बाकावरचे वीतभर अंतर कापायला सुमारे चार हजार किलोमीटरचा फेरा! बाहेर जाणाऱ्या संदेशाला दर लागतो तो या पाहुणचाराचा. येणारा संदेश बहुधा फुकट असतो. युरोपात हे दर इतके वाढले होते, की १ जुलै २००९ पासून युरोपीय संघाने रोमिंगमधील एका संदेशाला करांखेरीज ११ सेंटची कमाल मर्यादा घातली. पुढे १५ जून २०१७ पासून संघातील देशांत रोमिंगचा जादा आकारच बंद झाला.

मग माझ्या ओटीपीला उशीर अंतरामुळे झाला का? गणित करून पाहू. मुंबई-दुबई सरळ अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. भागाकार केला, तर एक सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ येतो. केबल वाकडीतिकडी धरून तो तिप्पट करा, तरी काही बिघडत नाही. जुन्या दुसऱ्या पिढीच्या जाळ्यात खरा वेळ शेवटच्या टप्प्यावर, मनोरा ते फोन या हवेतल्या प्रवासात लागे. ज्या मार्गिकेवरून लघुसंदेश जात, तिचा वेग सेकंदाला अवघा ७८० बिटांच्या आसपास. म्हणजे पूर्ण भरलेल्या संदेशाला दीड-दोन सेकंद. अर्धा तास कोठूनच येत नाही.

ही मार्गिका इतकी सावकाश का, हे पाहण्याजोगे आहे. ती बोलण्यासाठी नव्हतीच. फोन वाजवणे, हजेरी घेणे, जागा बदलल्याची नोंद करणे अशा कारभारी निरोपांसाठी ती राखलेली होती. १९८०च्या दशकात जर्मनी व फ्रान्सचे अभियंते युरोपसाठी सामाईक जीएसएम यंत्रणा आखत असताना एक कल्पना पुढे आली : ही वाट बराच वेळ रिकामी असते, तर तिच्यावरून लहानसा मजकूर का धाडू नये? मात्र निरोपाच्या एका लखोट्यात २७२ बाइट मावत आणि त्यांतली बरीच जागा पत्त्यांनी व्यापलेली असे. मजकुराला उरले १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. एका रोमन अक्षराला ७ बिट दिले तर १६० अक्षरे बसतात. एवढी पुरतील का? फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने टंकलेखन यंत्रावर मनात येतील ती वाक्ये लिहून अक्षरे मोजली, पोस्टकार्डांवरचा मजकूरही पाहिला आणि पुरतील असे ठरवले. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून एका फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या, तो पहिला लघुसंदेश. घेणाऱ्याला उत्तर देता आले नाही, कारण त्या फोनला संदेश पाठवण्याची सोयच नव्हती! योगायोग असा, की फिनलंड आणि ब्रिटनमधील कंपन्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करारही त्याच वर्षीचा.

आपल्या देवनागरीला या मापात अडचण होते. तिच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ११२० बिटांत ७० चिन्हेच मावतात. शिवाय काना, वेलांटी, हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र मोजली जातात. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्याला तीन-चार अक्षरांचा वाटतो. फोनच्या हिशेबी तो दहा चिन्हांचा आहे. मोजून पाहा.

संदेश कारभारी वाटेने येतो, म्हणूनच परदेशात डेटा बंद ठेवला तरी तो मिळतो. आणि म्हणूनच उत्तम वाय-फाय असूनही माझा ओटीपी तळघरात आला नाही. (वाय-फायवरून कॉल व संदेश घेण्याची सोय परदेशात चालू राहणारे फोन वगळा; माझा त्यांतला नव्हता.) तळघरात मनोऱ्याच्या लहरी पोहोचत नव्हत्या. दुबईच्या केंद्राने आरोळी दिली, उत्तर नाही. त्याने ‘ग्राहक गैरहजर’ असे कळवले. गृह-नोंदवहीत माझ्या नावापुढे खूण झाली, की याचा संदेश पडून आहे, हा सापडताच कळवा. संदेशकेंद्राने ओटीपी जपून ठेवले आणि तेही अधूनमधून स्वतः प्रयत्न करत राहिले. पण अशा प्रयत्नांमधील अंतर वाढत जाते.

मग मी वर आल्याबरोबर ते का आले नाहीत? कारण मी त्याच भागात वर आलो होतो. फोनने पाहिले, ठिकाण तर बदलले नाही, मग पुन्हा हजेरी कशाला? तो स्वतःहून बोलतो ते ठरावीक काळाने. हा काळ तेथील जाळे ठरवते. जुन्या यंत्रणेत तो सहा मिनिटांपासून साडेपंचवीस तासांपर्यंत ठेवता येई. तोवर यंत्रणेच्या लेखी मी तळघरातच होतो. त्या वेळी फोन एकदा विमान-अवस्थेत टाकून परत सुरू केला असता, तर त्याने नव्याने हजेरी दिली असती, खूण पुसली गेली असती आणि बहुधा मिनिटाभरात तिन्ही ओटीपी हाती आले असते. हे मला सुचले ते विलंबशुल्क भरल्यानंतर!

लघुसंदेशाला किती वेळ जपून ठेवायचे हे पाठवणाऱ्याला सांगता येते. त्यासाठी मूळ मानकात जी मापे आहेत ती पाच मिनिटांपासून ६३ आठवड्यांपर्यंत जातात. पोस्टकार्डासारखे वाट पाहत पडून राहावे, या हेतूने ही सेवा घडवली गेली. तिच्यावर आपण दोन-चार मिनिटांत शिळा होणारा ओटीपी लादला आहे.

याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. लॉजचा दाखला पुन्हा आठवा. पाहुण्याची पारख गुप्त किल्लीने होते, पण निरोप धाडणाऱ्या व्यवस्थापकाची? ज्या भाषेत ही जाळी एकमेकांशी बोलतात ती एसएस७ नावाची पद्धत १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. त्या काळी बहुतेक देशांत टेलिफोन म्हणजे सरकारी खाते, आणि खात्याने खात्यावर विश्वास ठेवायचा हे गृहीत होते. पुढे कंपन्या शेकड्यांनी वाढल्या. एखाद्या लबाडाने या जाळ्यात शिरकाव करून ‘तुमचा माणूस आमच्याकडे उतरला आहे’ असा खोटा निरोप धाडला, तर पाटीवर तोच पत्ता लिहिला जाई आणि पुढचे संदेश त्याच्या हाती पडत. २०१४च्या डिसेंबरमध्ये हॅम्बुर्ग येथील एका परिषदेत संशोधकांनी हे दोष उघड दाखवले. जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी आधी ग्राहकांचे बँकेचे परवलीचे शब्द मिळवले, मग या मार्गाने संकेतांक वळवून घेतले आणि खात्यांतून पैसे काढले.

यावरचा एक उपाय तुमच्या पाठ्यपुस्तकातला आहे. ग्राहक दहा मिनिटांपूर्वी पुण्यात होता आणि आता दुबईत उतरल्याचा निरोप आला, तर अंतराला वेळेने भागा. वेग विमानाच्या कित्येक पट निघाला, की निरोप खोटा! अनेक कंपन्यांची यंत्रे अशी पडताळणी करतात. बँकाही एसएमएसखेरीज दुसऱ्या मार्गांकडे वळत आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत त्यांना वाव दिला आहे. मी स्वतः परदेशी निघण्यापूर्वी आता मोठी देणी घरूनच भरून टाकतो.

जाता जाता एक प्रयोग. फोनवर रोमन लिपीत शंभर अक्षरांचा संदेश लिहा, पण पाठवू नका. अक्षरे मोजणारा आकडा दिसत असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवा आणि शेवटी एकच देवनागरी अक्षर घाला. एकाचे दोन संदेश होतील. का, ते तुम्हाला आता सांगता येईल. यापुढचे कोडे थोडे अवघड आहे. मराठी संदेश सत्तर चिन्हांपुढे गेला की त्याचे दोन भाग होतात, पण दोन भागांत मिळून १४० नव्हे, १३४ चिन्हेच मावतात. दोन्ही भाग वेगवेगळे प्रवास करतात आणि मागचा आधीही पोहोचू शकतो, हे लक्षात घेऊन सांगा : उरलेल्या सहा चिन्हांच्या जागेत काय लिहिलेले असेल?