नवागतांचे प्रश्न आणि जाणत्यांचे कर्तव्य

कोणत्याही कार्यालयात, सभेत वा संस्थेत नव्याने येणारा माणूस प्रथम प्रश्न घेऊन येतो. तो प्रश्न पुष्कळदा अपुरा असतो, कधी अस्थानी असतो आणि जाणत्यांच्या दृष्टीने अगदीच प्राथमिक असतो. त्या प्रश्नाला मिळणाऱ्या पहिल्या उत्तरावरून तो माणूस पुढे बोलता होणार की कायमचा गप्प बसणार, हे बहुधा ठरून जाते. लोकसहभागावर उभ्या असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या दृष्टीने ही बाब दिसते तितकी किरकोळ नाही.

धाराशिव तालुक्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळींच्या मेळाव्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाची परीक्षा घेतली आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. नामदेव दुखावले, परंतु पुढे त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केले आणि त्यांची वाणी पंजाबपर्यंत पोहोचली. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. कुंभाराच्या व्यवसायात मडके कच्चे असणे हा दोष मानला जात नाही; ती एक अवस्था असते. ओले मडके थापटताना कुंभाराचा एक हात आतून आधाराला असतो. तो आधार नसेल तर तेच थापटणे मडके मोडते.

नवागत ही नित्याची बाब

२४ एप्रिल १९९३ रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या. महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्म्यावर गेले. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व नागरिकांचा मागास प्रवर्ग यांच्यासाठीही जागा राखीव असतात आणि हे आरक्षण आळीपाळीने फिरते. याचा अर्थ असा की, प्रत्येक निवडणुकीनंतर सभागृहात काही माणसे आयुष्यात प्रथमच येतात. त्यांच्या घरात पूर्वी कोणी सदस्य झालेले नसते. ठराव, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त हे शब्द त्यांच्या कानांवरून गेलेले नसतात. कायद्यानेच ही वाट मोकळी केली असल्याने नवागतांना शिकविणे हे कोणाच्या मर्जीचे काम राहिलेले नाही. तो पंचायतीच्या दैनंदिन कामकाजाचा भाग होय.

एक साधे उदाहरण घेता येईल. ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’ म्हणजे घरे व इमारती यांवरील कर आकारणीची नोंदवही. महसुली दप्तरातील ‘गाव नमुना आठ-अ’ म्हणजे खातेदाराच्या नावावरील एकूण जमिनीचा उतारा. एकाच गावात, एकाच क्रमांकाने ओळखली जाणारी ही दोन वेगळी दप्तरे आहेत. नव्या सदस्याने पंचायतीत जमिनीचा आठ-अ मागितला तर सभागृहात हशा पिकणे सोपे असते. वस्तुतः घोटाळा नावांच्या सारखेपणातला आहे. दोन वाक्यांत फरक सांगितला तर तो सदस्य पुढे दहा गावकऱ्यांना योग्य दारी पाठवील. हशा पिकला, तर पुढील सभेत अंदाजपत्रकावर शंका विचारण्याचे धैर्य त्याला उरणार नाही; आणि अंदाजपत्रकावरील शंका ही गावाच्या पैशाशी निगडित असते.

भूकंपानंतरचा धडा

या बाबतीत धाराशिव जिल्ह्याचा स्वतःचा अनुभव उद्बोधक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छप्पर ही प्राणहानीची मोठी कारणे ठरली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात नव्या वसाहती उभारल्या गेल्या. त्याचबरोबर उभ्या राहिलेल्या हजारो घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हे कामही हाती घेण्यात आले. हे काम घरमालकांनी स्वतः करून घ्यावयाचे होते.

येथे तंत्रज्ञ आणि ग्रामस्थ समोरासमोर आले. जुन्या भिंतीचे आतील व बाहेरील थर परस्परांना बांधलेले नसतात. हादरा बसताच ते फुगून सुटे होतात. म्हणून ठरावीक अंतरावर दगड काढून भिंतीत आरपार भोके पाडावयाची आणि त्यांत गज घालून काँक्रीट भरावयाचे, अशी एक पद्धत होती. माळवदावरील मातीचा थर कमी करणे हा दुसरा उपाय. ‘भिंत बळकट करावयाची, तर तिला भोके का पाडता?’ हा प्रश्न अशा वेळी कोणाही घरधनिणीच्या मनात यावा. अभियंत्याला तो बाळबोध वाटेल; परंतु या एका प्रश्नाच्या उत्तरात त्या पद्धतीचे सारे शास्त्र सामावलेले आहे. ज्याला हे उत्तर मिळाले, तो गवंड्याकडून काम नीट करवून घेईल. ज्याला मिळाले नाही, तो भोके वरवर बुजवून मोकळा होईल आणि पुढचा हादरा त्याच भिंतीवर बसेल.

ही दरी भरून काढण्यासाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने बाराशेहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. शासनाची योजना व बांधकामाची माहिती घराघरांत सांगणे आणि घराघरांतील अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविणे, हे त्यांचे काम. बांधकामशास्त्रात या स्त्रिया नवख्याच होत्या. परंतु स्वतः नुकतेच शिकलेले माणूस नवख्याची अडचण लवकर ओळखते, हा त्यांचा विशेष गुण ठरला. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगावयास गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतही गेल्या. काही वर्षांपूर्वी ज्या शिकत होत्या, त्या आता शिकवू लागल्या. नवागतांसाठी खर्चिलेला वेळ असा दूरवर फळ देतो.

पहिले उत्तर कसे असावे

या अनुभवातून काही व्यवहारोपयोगी गोष्टी निघतात. प्रश्नकर्त्याला नेमके काय हवे आहे, हे उत्तरापूर्वी विचारून घ्यावे. कारण नवख्याला आपली अडचण योग्य शब्दांत मांडता येत नाही. ‘एवढेही ठाऊक नाही?’ हे वाक्य उत्तरात कधीही असू नये. चूक असेल तर ती स्पष्टपणे, शक्यतो एकांतात सांगावी. एखादा शब्द कार्यालयीन असेल तर त्याचा अर्थ त्याच वेळी सांगावा. एकच प्रश्न वारंवार येऊ लागल्यास त्याचे उत्तर सोप्या मराठीत लिहून सूचना फलकावर लावावे. त्यामुळे कर्मचाऱ्यांचाही त्रास वाचतो. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून योग्य व्यक्तीकडे पाठवावे.

शिक्षकांना ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेल्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवक शिकवितात. साठीतली आजी पाटी घेऊन बसते, तेव्हा अक्षर चुकण्यापेक्षा सुनेसमोर चुकण्याची तिला अधिक धास्ती असते. तिच्या गतीने चालणारा स्वयंसेवकच तिला अखेरपर्यंत नेऊ शकतो.

धीर म्हणजे लाड नव्हे

जाणत्यांचा वेळ मोलाचा असतो, हेही नवागतांनी ध्यानी घ्यावे. फलक वाचून, सभेची विषयपत्रिका पाहून मग विचारणे, मिळालेले उत्तर टिपून ठेवणे आणि तेच उत्तर पुढे दुसऱ्यास सांगणे, एवढी अपेक्षा त्यांच्याकडून रास्तपणे करता येईल. शिवाय सौजन्यासाठी नियम शिथिल करण्याचेही कारण नाही. अपुरा अर्ज अपुराच असतो. मात्र तो कोठे अपुरा आहे आणि कसा पुरा होईल, हे सांगून परत केला, तर अर्जदार पुन्हा येतो.

ग्रामसभेत मागच्या ओळीत बसलेली एखादी व्यक्ती प्रथमच उभी राहते, तेव्हा अध्यक्षस्थानी असणाऱ्यांनी घड्याळाकडे न पाहता तिचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे आणि तिचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. पुढील सभेच्या आरंभी त्या प्रश्नाचे काय झाले, हे तिच्या समक्ष वाचून दाखवावे. एवढे केले, तर त्या ओळीतून दुसरे कोणी उठण्यास फार काळ लागणार नाही.