लांबीनं गळती थांबत नाही

बेळगावच्या खासबागेत घर आणि माग एकाच छपराखाली, त्यामुळे न्हाणीतलं पाणी आणि बीमवरचा ताणा यांच्यामध्ये फक्त एक भिंत असते. आमच्याकडे तीही अर्धीच आहे. न्हाणीवरच्या माळ्यावर १०० लिटरची प्लास्टिकची टाकी ठेवली, खालच्या अंगाला २ किलोवॉटचा हीटर बसवून घेतला, आणि बंबात लाकडं सारायची कटकट गेली म्हणून घरातले सगळे खूश. थंडी नीट पडायच्या आतच पाण्याचा ओघळ फळीवरून मागाच्या खोलीत उतरला आणि नुकताच चढवलेला ताणा भिजला. ताणा भिजला की रंग फुटतो, तार चिकटते; त्या साडीचं पुढं काय होतं ते विणणाऱ्याला सांगायला नको.

बसवणारा आला. “काय होत नाही बघा, लांबी भरून देतो की,” म्हणाला आणि भरून गेला. दोन दिवस कोरडं, मग परत थेंब. पुन्हा आला, या वेळी सिलिकॉनची नळी घेऊन. तेही नखानं सालीसारखं सोलून निघालं. यात त्याच्या हाताचा दोष नव्हता. या टाक्या पॉलिथिलीनच्या, आणि पॉलिथिलीनला कुठलीच लांबी धड धरत नाही. वरून काहीही थापा, पाणी मागून वाट काढतंच.

शेवटी टाकी उपसून हीटर काढला. भोक तापलेल्या सळईनं पाडलेलं होतं. कडेला वितळलेल्या प्लास्टिकचा उंचवटा गोठून बसला होता. त्यावर वायसर टेकणार कसा? वायसर तरी कसला, ट्यूबमधून कात्रीनं कापलेला, आणि तोही आतल्या चेकनटाखाली. गोम इथंच होती. हीटरचे आटे सरळ असतात. नटाखालचा वायसर कितीही घट्ट बसवा, पाणी नटाच्या आट्यांमधूनच सरकत बाहेर येतं. खरा वायसर हवा तो हीटरच्या पक्क्या कॉलरखाली, म्हणजे टाकीच्या बाहेरच्या अंगाला. आतला वायसर जोडीला असावा, पण भरवसा बाहेरच्यावर. टेफ्लॉन टेपही आट्यांपुरतीच. भोकाची फट ती बुजवत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पाणी तापलेलं असताना थेंब थांबायचा आणि पहाटे टाकी गार झाली की सुरू व्हायचा. तापल्यावर हे प्लास्टिक लोखंडाच्या दहापट तरी फुगतं. वर नटाचा दाब. मऊ झालेलं प्लास्टिक त्या दाबाखाली हळूच बाजूला सरकतं. गार झालं की तिथली जाडी कमी झालेली असते आणि नट सैल पडतो. मग आपण पाना लावून आणखी आवळतो आणि टाकीला चीर पाडतो.

नवं भोक होल सॉनं पाडलं. सव्वा इंची हीटरच्या आट्यांचा व्यास जवळपास ४२ मिलिमीटर असतो, भोक त्याहून जेमतेम मोठं. जागा सपाट हवी. गोल टाकीच्या बाकावर किंवा वळीवर वायसर कधीच बसत नाही, म्हणून मी टाकीच चौकोनी आणली. कड कानशीनं साफ केली. कॉलरखाली ३ मिलिमीटर जाडीचा सिलिकॉन रबराचा वायसर घातला आणि दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या स्टेनलेस पत्र्याच्या चकत्या, म्हणजे दाब एका कडेवर न पडता पसरतो. बाहेरच्या चकतीला दोन्ही अंगांनी वायसर लागतो, हे विसरू नका. नट हातानं आवळून वर अर्धा फेरा पाना, बस्स. रात्रभर गार पाणी भरून ठेवलं, मग एकदा तापवून पूर्ण गार होऊ दिलं, आणि मगच पुन्हा किंचित आवळलं.

गळतीनं ताणा जातो. बाकीच्या चुकांनी माणूस जातो. या टाक्या पाणी साठवण्यासाठी बनवलेल्या असतात, तापवण्यासाठी नव्हे. ६० अंशांच्या पुढं पॉलिथिलीनचा जोर ओसरू लागतो, म्हणून थर्मोस्टॅट ५० वर ठेवा. आणि थर्मोस्टॅट अडकला तर वीज तोडणारा, हातानं परत दाबावा लागणारा वेगळा कटआउट हवाच. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या टाँटनला थर्मोस्टॅट बिघडून पाणी उकळत राहिलं, माळ्यावरची प्लास्टिकची टाकी मऊ होऊन फुटली आणि खाली पाळण्यातलं तान्हं बाळ गेलं. आमचीही टाकी माळ्यावरच होती. आता ती खाली, न्हाणीच्या कोपऱ्यात आहे.

पाणी बाहेर जायची तोटी हीटरच्या कॉइलच्या वर काढा, म्हणजे टाकी कितीही रिकामी केली तरी कॉइल उघडी पडणार नाही. कोरडी कॉइल लाल होते आणि प्लास्टिक पेटवते. कॉइल भिंतीला आणि तळाला टेकता कामा नये, हे ओघानं आलंच.

अर्थिंगचं वेगळं सांगतो, कारण प्लास्टिकच्या टाकीला शॉक लागत नाही असं पुष्कळांना वाटतं. टाकीला नाही लागत, पाण्याला लागतो. कॉइल फुटली आणि हीटरला अर्थ नसला तर विजेला जमिनीत जायला वाटच उरत नाही. पाण्यात हात घालणारा माणूसच मग ती वाट होतो. वीज गळताच पुरवठा तोडणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा, १६ अँपिअरचा सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, हीटरवर आयएसआयचा शिक्का. हे काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

आता खर्च. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला साडेतीन युनिटं आणि पावणेदोन तास लागतात. रोजचं धरलं तर महिन्याला १०५ युनिटं. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत मोफत विजेची कमाल मर्यादा २०० युनिटांची, आणि ती ओलांडली की सगळंच बिल भरावं लागतं. त्यामुळे घरात माणसं जास्त असतील आणि दिवसाला दोन टाक्या तापवाव्या लागत असतील, तर प्लास्टिकच्या टाकीच्या नादाला लागू नका. त्यापेक्षा बंबच बरा.