हरवलेली सहा गाणी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ग्राफ्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. १९३० साली दोन कृष्णवर्णीय स्त्रिया आपल्या गिटारी घेऊन तेथे आल्या. टेक्सासमधील ह्यूस्टन शहराहून त्यांनी दीड हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास केला होता. एकीचे नाव गीशी विली व दुसरीचे थॉमस.

त्यांची गाणी मुद्रित करणारी पॅरामाउंट कंपनी खुर्च्या बनविणाऱ्या कारखानदारांची होती. ते फोनोग्राफच्या लाकडी पेट्याही बनवीत. पेट्या खपावयाच्या तर वाजवावयास तबकड्या हव्यात, म्हणून हा उद्योग त्यांनी आरंभिला. संगीताचे प्रेम हे काही त्याचे कारण नव्हते!

दोघींनी सहा गाणी गायिली. ती 'ब्लूज' या प्रकारची होती. गुलामगिरीतून सुटलेल्या, तरीही हालअपेष्टांत दिवस काढणाऱ्या लोकांचे हे लोकगीत. एक गाई, तेव्हा दुसरी साथ करी. एका गाण्यात जर्मन लढाईवर गेलेल्या बापाचे अखेरचे शब्द लेक सांगते. तीन मिनिटांचे ते गाणे ऐकणाऱ्याच्या मनातून सहजी जात नाही.

परंतु तो काळ महामंदीचा होता. जेथे भाकरीची भ्रांत, तेथे तबकड्या कोण विकत घेणार? पुढे कंपनी बुडाली व धातूचे मूळ साचे भंगारात गेले. नोकरांनी ते रागाने नदीत फेकले, अशीही दंतकथा आहे. पाणबुड्यांनी तळ धुंडाळला. हाती काही लागले नाही. घरोघर फिरून जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्या छांदिष्टांमुळेच ही गाणी वाचली. या दोघींच्या तबकड्यांच्या दहा प्रतीही आज शिल्लक नाहीत.

गाणी वाचली, पण गाणाऱ्या कोण? अभ्यासकांनी पुष्कळ तर्क लढविले. दुसरीचे नाव तबकडीवर 'एल्व्ही थॉमस' असे छापलेले होते. त्या नावाने शोध घेणे म्हणजे चुकीच्या पत्त्यावर पत्र धाडण्यासारखेच होते. कारण तिचे खरे नाव 'एल. व्ही.' या दोन अक्षरांचे होते. ऐकणाऱ्याने ती जोडून टाकली होती!

१९६१ साली मॅक मकॉर्मिक नावाचे लोकगीतांचे संशोधक ह्यूस्टनमध्ये थॉमसबाईंना भेटले. बाई सत्तरीला टेकल्या होत्या. ब्लूज सोडून त्या आता केवळ चर्चमध्ये गात असत. आपल्या जोडीदारणीचे नाव लिली मे होते, हे त्यांनीच सांगितले. मकॉर्मिक यांनी सर्व टिपून घेतले. मात्र ते कागद पन्नासाहून अधिक वर्षे त्यांच्या दप्तरातच पडून राहिले. १९७९ साली थॉमसबाई वारल्या. २०१४ साली जॉन जेरेमाया सुलिव्हन या लेखकाने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राच्या मासिकात ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे ती जगाला कळली.

उरलेल्या तबकड्यांवर मात्र अजूनही 'एल्व्ही' हेच नाव आहे.