सेल का पाझरतो?

घरात कुणाला चक्कर आली की कपाटातले रक्तदाब मोजण्याचे यंत्र बाहेर निघते. कळ दाबावी तर आकडे उमटत नाहीत. झाकण उघडावे तो स्प्रिंगा गंजलेल्या आणि सेलच्या टोकाशी पांढरा चुरा. सेल हलक्या प्रतीचा निघाला, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु उत्तम अल्कलाइन सेलही पाझरतो. कारण त्याच्या घडणीतच आहे.

पोलादी नळीच्या आत कडेने मँगनीज डायऑक्साइडचा थर असतो, मधोमध जस्ताची भुकटी, आणि दोहोंना भिजविणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण. हे तीव्र अल्क, म्हणून सेलला ते नाव. सेल नुसता पडून असला तरी जस्ताची द्रावणातील पाण्याशी हळूहळू क्रिया चालू राहते व हायड्रोजन वायू सुटतो. पूर्वी जस्तात थोडा पारा मिसळून ही क्रिया रोखीत असत. पारा विषारी, म्हणून १९९० च्या दशकात मोठ्या उत्पादकांनी तो वगळला. वायू साठला की दाब वाढतो. नळी फुटू नये म्हणून ऋण टोकाच्या प्लॅस्टिकच्या बुचात मुद्दाम एक पातळ जागा ठेवलेली असते. ती फाटते आणि वायूबरोबर अल्कही बाहेर येते. म्हणजे पाझरणे हा सुरक्षेचाच उपाय; यंत्राला मात्र तो महागात पडतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्या अल्काचे पोटॅशियम कार्बोनेट होते, तोच तो पांढरा चुरा.

खरा घात, आमच्या मते, काटकसरीने होतो. चारांपैकी दोनच सेल बदलावयाचे, ही आपली जुनी खोड! हे सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने सर्वांतून सारखाच प्रवाह वाहतो. दुबळा सेल आधी रिता होतो, नवे त्याच्यातून प्रवाह ढकलीतच राहतात. त्याचे धन-ऋण उलटते आणि वायू झपाट्याने सुटू लागतो. बदलावयाचे तर सारे एकदम व एकाच जातीचे बदलावेत. यंत्र महिनोन्‌महिने लागणार नसेल तर सेल काढूनच ठेवावेत.

स्वस्त कार्बन-जस्त सेलची तऱ्हा निराळी. तेथे जस्ताची डबीच झिजते व तिला भोके पडतात.

पाझर बोटांना लागू देऊ नये, डोळ्यांना तर मुळीच नाही. कापसाच्या बोळ्यावर लिंबाचे वा शिरक्याचे दोन थेंब घेऊन स्प्रिंग पुसावी. फेस येतो; वर्गात मुलांना तो दाखविताना आम्हांला कार्बोनेटचा पाठ निराळा शिकवावा लागत नाही. नंतर ओलसर फडक्याने आम्लही पुसून काढावे, कारण तेही धातू खाते, आणि यंत्र पूर्ण सुकल्यावरच नवे सेल घालावेत.