रागावणे वेगळे, शिकवणे वेगळे



पावसाळ्यात लोणावळ्याला चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. अशा वेळी दोन वर्षांच्या मुलाने पुन्हा चड्डी ओली केली की आईचा धीर सुटतो. "एवढा मोठा झालास, कळत नाही?" हे वाक्य घरभेटींच्या वेळी आमच्या कानावर पडते. मुलाला आपण रागावलो खरे, पण शिकवले का?

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. एकदा त्यांनी तेथील मुलांना रुमाल कसा धरावा, नाक हळूच कसे शिंकरावे हे करून दाखवले. मुले हसली नाहीत. मन लावून पाहत राहिली आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या! वाहत्या नाकावरून त्यांना सगळे हिणवत, पण ते स्वच्छ कसे करायचे हे शांतपणे कोणी दाखवलेच नव्हते.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला हेच काम खेड्यातील साध्या वस्तूंनी केले. आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे हाही त्यांच्या बालवाडीत शिक्षणाचाच भाग होता.

मुलाची तयारी झाली हे कसे ओळखावे? चड्डी दीड-दोन तास कोरडी राहते, शी-शू लागल्याचे ते खुणेने सांगते, साधी सूचना त्याला समजते, चड्डी खाली ओढता येते. बहुतेक मुलांत ही चिन्हे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसतात. शेजारच्या मुलाशी तुलना नको. कपडे वाळत नसतील तर दसऱ्यानंतर सुरुवात केली तरी बिघडत नाही.

शिकवताना एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. चड्डी आपण गुडघ्यापर्यंत चढवावी, वर ओढण्याचे काम त्याला द्यावे. ते जमले की आधीची पायरी. बोलणे कमी, सावकाश करून दाखवणे जास्त. मोरीत छोटा तांब्या, हाताला येईल असा टॉवेल, नाडीऐवजी इलॅस्टिक एवढी सोय पुरे. पाणी सांडले तर हाती फडके द्यावे; मारू नये. चार वर्षांनंतरही दिवसा चड्डी ओली होत असेल, किंवा गेलेली सवय परत आली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. जे करायला शिकायचे ते करूनच शिकता येते, असे तो म्हणतो. आपण घाईने सगळे करून दिले, तर मूल करणार कधी?

म्हणून रविवारी दहा मिनिटे आधी उठू या. मिस्सेला एखादे मूल शर्टाची बटणे वर-खाली लावून आले, तर कोणी हसू नये. ती त्याने स्वतः लावलेली असतील.