गोल्डफिशची फाटलेली शेपटी

प्रश्न : आमच्या गोल्डफिशची शेपटी कडेने झिरमिळ्या झाल्यासारखी फाटली आहे. तो काचेच्या गोल भांड्यात राहतो. दुकानदाराने पाण्यात टाकायला पिवळं औषध दिलंय. टाकू का?

उत्तर : औषध तूर्त बाजूला ठेवा, आधी पाणी तपासा. गोल्डफिश भरपूर घाण करतो. लहान भांड्यात त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया साचतो, त्वचा व पर दुबळे होतात आणि मग जिवाणू कडा कुरतडू लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत.

रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायला विसरू नका आणि तापमान आतल्या पाण्याइतकंच ठेवा. सगळं पाणी एकदम बदलून भांडं घासून काढणं टाळा. त्यात उपयोगी जिवाणूही जातात. लिटरला एक ग्रॅम साधं मीठ वेगळं विरघळवून हळूहळू घालता येईल, पण पाणवनस्पती असतील तर नको.

टोकदार दगड, प्लास्टिकची झाडं काढून टाका. जखम नुसती ओरखड्याची असेल तर एवढ्यानेच कडेला पारदर्शक नवा पडदा फुटू लागेल. मात्र कडा पांढुरक्या वा लालसर होऊन झीज बुडाकडे सरकत असेल, तर मत्स्यरोग जाणणाऱ्या पशुवैद्यांना लगेच दाखवा. बूडच गेलं, तर पर पुन्हा नीट येत नाही.

आणि कृपा करून त्याला फिल्टर असलेली मोठी टाकी द्या.